लॅपटॉपला हरवणारा डबा

लॅपटॉप हा शब्द कानावर पडला की अजून माझं डोकं फिरतं. दुकान आता पुतण्याच्या ताब्यात दिलंय, मी नुसता खुर्ची अडवून बसतो, तरी कुणी काउंटरवर येऊन "पोरीला लॅपटॉपच घ्यायचाय" असं म्हणालं की मी आतून ओरडतो, "कशाला?" पुतण्या मला गप्प बसायची खूण करतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा. गिऱ्हाइकाला कशाला असं विचारायचं नसतं.

तिसगावात मी बावीस-तेवीस वर्षं कॉम्प्युटर जुळवायचं आणि दुरुस्तीचं काम केलं. जुळवायचं म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण आमच्या सौभाग्यवतींनाही ते अजून कळलेलं नाही. कॉम्प्युटर ही एक वस्तू नसते. पाचसहा सुटे भाग असतात. सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, हिशेब करणारा प्रोसेसर, काम चालू असताना लागणारी रॅम, सगळं साठवून ठेवणारी डिस्क, वीज पुरवणारा डबा आणि चित्रांचं अवजड काम असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड. हे नगरहून, पुण्याहून आणायचं, काही नवं, काही वापरलेलं, आणि एका पेटीत बसवायचं. त्या पेटीला सगळा तालुका 'सीपीयू' म्हणतो. तो सीपीयू नसतो, हे पहिली दहा वर्षं मी सांगत होतो. नंतर हात टेकले.

लॅपटॉपमध्ये हेच सगळं असतं, पण वहीएवढ्या जागेत कोंबलेलं. तुम्ही पैसे देता ते बारीकपणाचे, बॅटरीचे आणि बरोबर घेऊन फिरता येण्याचे. अवजड काम द्या, दहा मिनिटांत तो तापतो, आणि तापला की स्वतःला जपायला हळू होतो. त्याच पैशांच्या निम्म्यात मी टेबलावरचा कॉम्प्युटर जुळवून द्यायचो, तो दिवसभर एका चालीनं काम ओढायचा. पण तो कुणाला नको. का? तर लग्नात रुखवतात मांडता येत नाही. मी स्वतः पाहिलंय, एका रुखवतात अनारशांच्या शेजारी लॅपटॉप उघडा ठेवला होता आणि त्यावर नवरानवरीचा फोटो. बायका अनारसे सोडून त्याच्याभोवती. ज्या पोराला तो दिला त्यानं पुढं त्यावर पिक्चर पाहिले, आणि दुसरं काय?

असो. सांगायचं होतं सारिकाचं.

सारिका ही आमच्यापासून सातेक किलोमीटरवरच्या एका वस्तीवरची सून. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, लग्नाला तीन वर्षं. नवरा दुधाच्या टेम्पोवर. तिला पुण्यातल्या एका ऑफिसचं घरबसल्या काम मिळायची संधी आली होती. घराचा नकाशा तिकडून येणार, त्यावरून बांधल्यावर ते घर कसं दिसेल याचं हुबेहूब चित्र हिनं कॉम्प्युटरवर करून द्यायचं. अगोदर तीन घरं परीक्षा म्हणून, ठरल्या वेळेत. तिन्ही वेळेत गेली तर काम कायमचं, एक जरी चुकलं तर नमस्कार. पोरगी दुकानात उभी राहून हे सांगत होती. म्हणाली, "काका, डिप्लोमा कपाटात ठेवून तीन वर्षं झाली. हे गेलं तर मी परत कुणाला विचारणार नाही."

तिच्याबरोबर तिचा दीर होता, प्रवीण. पुण्यात नोकरीला, सुट्टीला आलेला, पाठीला बॅग आणि बॅगेत लाखाच्या वरचा लॅपटॉप. त्याचं म्हणणं, वहिनीला असाच घ्यावा, हप्त्यानं. मी म्हटलं, चाळीस हजारांच्या आत मी असा डबा जुळवून देतो की तुझा लॅपटॉप पाणी मागेल. तो हसला. मला तो हसला याचा राग आला, आणि इथूनच पुढचं सगळं बिघडलं, हे मी आज कबूल करतो.

पोरगी म्हणाली होती, "काका, घरी जागा लहान आहे. आणि आमची गिरणी आहे." गिरणी आहे म्हणजे घरात रोजचा पैसा येतो, उधारी बुडणार नाही, एवढंच मी ऐकलं. जागा लहान म्हणाली ते मात्र मनावर घेतलं, कारण मला प्रवीणला दाखवायचं होतं की टेबलावरचा कॉम्प्युटर म्हणजे गोदरेजचं कपाट नव्हे. चपात्यांच्या डब्याहून थोडी मोठी पेटी शोधून काढली. एका बंद पडलेल्या ऑफिसातून निघालेला मदरबोर्ड आणि प्रोसेसर घेतला, डिस्क नवी घातली, पुण्यातून वापरलेलं पण चांगलं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते पेटीत बसेना. आतला एक पत्रा कापला, पुढचा पंखा काढून टाकला, तेव्हा बसलं. वर आणि बाजूला हवेच्या जाळ्या होत्याच. पंखा काढताना हात जरा थबकला होता. पण पेटी इतकी सुबक दिसत होती की काय सांगू.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी दुकानात सामना झाला. एकच घराचं चित्र, दोन्ही मशीनवर एकाच वेळी चालू केलं. चित्र तयार व्हायला वेळ लागतो, मशीन एकेक ठिपका मोजून उजेड कुठं पडेल, सावली कुठं, ते काढत बसतं. पहिली दहा मिनिटं लॅपटॉप पुढं. प्रवीण चहा पीत होता. मग लॅपटॉपचा पंखा घोंगावायला लागला, हात लावला तर चटका बसेल असा तापला, आणि गडी रेंगाळला. माझा डबा आपला शांत. डब्याचं चित्र पूर्ण झालं तेव्हा लॅपटॉपवर पाव चित्र बाकी होतं. शेजारचा मेडिकलवाला, समोरचा झेरॉक्सवाला, सगळे बघत होते. प्रवीण म्हणाला, पण काका, हा बरोबर घेऊन फिरता येतो का? मी म्हटलं, वहिनीचं घर फिरतं का? सगळे हसले. फक्त पेढे वाटायचे राहिले.

आता माझा एक नियम होता, आणि तो मी कुणासाठी मोडला नव्हता. मशीन मी स्वतः घरी जाऊन जोडून द्यायचो. जागा बघितल्याशिवाय नाही. कारण लोक कॉम्प्युटर कुठं ठेवतील याचा नेम नाही. एकानं देवघरात ठेवला होता, समईखाली, आत तेल. एकाच्या पेटीत उंदरानं कापसाचं घर केलेलं. म्हणून प्लगला अर्थिंग आहे का, ऊन येतं का, ओल आहे का, हे बघून मगच मी बटण दाबायचो. त्या दिवशी जिंकण्याच्या नादात मी डबा दुकानातूनच प्रवीणच्या हातात दिला आणि म्हटलं, जोडायला काय लागतंय, तीन वायरी आहेत.

पहिलं घर वेळेत गेलं. दुसऱ्याला फोन सुरू झाले.

"काका, बंद पडला."

बंद पडला म्हणजे काय? हळू पडला की झटकन? झटकन. स्क्रीन निळी झाली? नाही. लाईट गेली होती? नाही, घरातला पंखा चालू होता. मग प्लग बदल. बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटलं, पेटी उघड, रॅमच्या पट्ट्या काढ, त्यांची सोनेरी कड खोडरबरानं घासून परत बसव. आमच्या धंद्यात निम्मे आजार खोडरबरानं बरे होतात. तिनं तेही केलं. चित्र अर्ध्यावर आलं की पुन्हा झटकन बंद. दुसरं घर तिनं तुकड्यातुकड्यानं, पहाटे उठून, कसंबसं वेळेत पाठवलं. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. वीज पुरवणारा डबा फसवा निघाला का, कार्ड विकणाऱ्यानं फसवलं का, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. स्वतःला तेवढी घातली नाही.

सोमवारी गाडीला किक मारली आणि वस्तीवर गेलो. रस्त्याला लागून दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागच्या खोलीत संसार, मध्ये दाराला फळी नाही, नुसता पडदा. दिवाळी चार-पाच दिवसांवर, त्यामुळं गिरणीपुढं डब्यांची रांग आणि दहाबारा बाया बसलेल्या. वस्ती शेतीच्या लाईनवर, गिरणीला लागणारी थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीनं, ठरावीक तासच येते, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत आली नव्हती. घरातला बल्ब चालू, कॉम्प्युटर चालू, गिरणी बंद. सारिकाच्या सासूबाई, गयाबाई, फरशी झाडून पुसून बसल्या होत्या. पिठाचा कण दिसत नव्हता. दिसला असता तरी मी बघितला असता का, कुणास ठाऊक.

आत गेलो आणि माझा डबा दिसलाच नाही. टेबलावर मखमलीचं काहीतरी होतं. मरून रंग, कडेला सोनेरी लेस, चारी बाजूंनी अगदी मापात शिवलेलं, पुढं बटणापुरतं भोक, मागं वायरींपुरतं भोक. मिक्सरला घालतात तसं. वरच्या जाळ्या बंद, बाजूच्या जाळ्या बंद. आत मशीन भट्टीसारखं तापलेलं.

मी ते ओढून काढलं आणि बाहेर आलो. सगळ्या बायांसमोर हातात धरून म्हटलं, "गयाबाई, हे तुमचं काम? मशीनला थंडी वाजते का? पोरीचं काम जायची वेळ आली तुमच्या या कापडानं."

गयाबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पन दादा, पीठ..."

"पीठबीठ काही नाही," मी म्हटलं. "हवा लागते त्याला. तुम्हाला यातलं कळत नाही तर हात लावू नका."

बाया हसल्या. एकदोघींनी तोंडाला पदर लावला. सारिका दारात उभी होती, तिनं मान खाली घातली. मी अर्धा तास मशीन चालवून बघितलं, ते झकास चाललं. कव्हर घडी करून गाडीच्या डिकीत टाकलं, जप्त केल्यासारखं, आणि शीळ घालत परत आलो.

बुधवारी रात्री फोन आला. पंखा खरखरतोय आणि पुन्हा बंद पडतोय. तिसरं घर गुरुवारी, वसुबारसेला, दुपारी चारपर्यंत पाठवायचं होतं. साडेतीन तास सलग चालायला हवं होतं मशीन.

गुरुवारी सकाळी पोचलो तेव्हा गिरणी चालू होती. आणि दारातच मी थांबलो. गिरणी चालू असताना पुढच्या खोलीत काय असतं, ते मला त्या दिवशी दिसलं. हवेत पीठ. उन्हाच्या पट्ट्यात पांढरा धूर तरंगावा तसं. मधल्या पडद्यावर पीठ, मागच्या खोलीत पीठ, गयाबाईंच्या पापण्यांवर पीठ. डबा उघडला. प्रोसेसरवर धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांच्यामधून पंखा हवा ओढतो आणि उष्णता बाहेर जाते. त्या पट्ट्या लिंपल्यासारख्या बंद झाल्या होत्या. तीन दिवसांत! म्हणजे ती बाई मूर्खपणानं झाकत नव्हती. पिठापासून वाचवायला झाकत होती. ती झाकत होती म्हणून दुसरं घर तरी गेलं. आणि पुढचा पंखा मी शोभेसाठी काढून टाकलेला, त्यामुळं जी काही हवा खेळायची ती सगळी याच जाळ्यांतून. बारा वर्षांच्या पोराला कळलं असतं ते मला कळलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

ब्रशनं, ब्लोअरनं सगळं साफ केलं. चालू केलं. वीस मिनिटांत काळ्या पट्ट्यांवर पुन्हा पांढरं दिसायला लागलं. दुकानात नेऊ म्हटलं तर तिसगावात दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद, संध्याकाळी सहाला येणार. शेजारी हलवू म्हटलं तर दोन्हीकडची घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. कव्हर घालावं तर तापून बंद पडणार, काढावं तर पिठानं गुदमरणार. बारा वाजत आले होते. सारिका माऊसवर हात ठेवून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली की तो डबा उचलून बाहेर फेकावा असं वाटलं.

गयाबाई पडद्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "किती येळ लागंल?"

मी म्हटलं, चारपर्यंत.

त्या वळल्या. पुढं गेल्या, आणि गिरणीचा पट्टा फडफडत थांबल्याचा आवाज आला.

हे काय झालं ते सांगायला हवं. थ्री फेज आलेली होती, ती सहाला जाणार होती. दिवाळीच्या आठवड्यातली, भाजणी दळायची, वर्षातली सगळ्यात मोठी पाळी. तिसगावातल्या गिरण्याही वीज नाही म्हणून बंद, म्हणजे सगळी गर्दी इथंच. आणि बाईनं गिरणी थांबवली. मी मशीन पुन्हा साफ केलं, ओल्या फडक्यानं टेबल पुसलं, मधल्या दाराला ओली चादर बांधली आणि चित्र चालू केलं. मग मी तिथंच टेकलो. बाहेर काय चाललंय ते ऐकू येत होतं.

आधी बाया नुसत्या कुरकुरल्या. कुणी पाथर्डीच्या बाजूला जाऊ म्हणाली आणि डबा उचलून गेलीही. मग आवाज चढले. सुनेच्या खेळण्यापायी गाव उपाशी ठेवतेस का, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, आणि ते खेळणं बिघडवलं कुणी, हिनंच ना? तो तिसगावचा माणूस सोमवारी आपल्या तोंडादेखत सांगून गेला, हिनं कापड घालून मशीनची वाट लावली. तिसरीनं त्यावर आणखी काहीतरी जोडलं आणि सगळ्या हसल्या. म्हणजे सोमवारपासून हे असंच चाललं होतं. मी शीळ घालत गेलो होतो, आणि माझं बोलणं इथं राहून गयाबाईंच्या नावावर चढलं होतं. चादरीच्या फटीतून गयाबाई दिसत होत्या. त्या बंद गिरणीपाशी बसून होत्या.

मी चादर बाजूला करून बाहेर आलो. बोलायची सवय आहे मला, गिऱ्हाइकाला गप्प करायची तर फारच. पण तेव्हा एकेक शब्द शोधावा लागला. मी म्हटलं, "सोमवारी मी जे बोललो ते चूक होतं. या बाईंनी मशीन बिघडवलं नाही. त्या वाचवत होत्या. बिघडवलं मी. घर न बघता दिलं, आणि दिसायला छान दिसावं म्हणून त्याचा पंखा काढला. गिरणी बंद आहे ती माझ्यामुळं. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

दिल्या. तिसगावच्या बाजारपेठेत बावीस वर्षांत जेवढ्या खाल्ल्या नसतील तेवढ्या दहा मिनिटांत मिळाल्या. एका म्हातारीनं तर माझं वय काढलं. मी ऐकून घेतल्या. मग तीच म्हातारी आपल्या डब्यावर बसली आणि म्हणाली, "बसा गं. पोरीचं व्हऊ द्या." बाकीच्या हळूहळू बसल्या. गयाबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही, मातीच्या माठातलं पाणी सगळ्यांना दिलं, मलाही दिलं.

चारला दहा कमी असताना चित्र पूर्ण झालं. पाठवायला सहा मिनिटं लागली. सारिका बाहेर आली आणि सासूला फक्त म्हणाली, "आत्या, गेलं." गयाबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, हाताचं पीठ तिच्या गालाला लागलं.

ते काम पोरीला मिळालं, हे दिवाळीनंतर कळलं, आणि मग मी तिला मोठ्या पेटीत, दोन पंखे आणि जाळीचं कापड लावून, मागच्या पडवीत मशीन बसवून दिलं. आता ती दुसऱ्या दोघींना शिकवते. पण हे नंतरचं.

त्या दिवशी थ्री फेज जायला दोन तास उरले होते आणि रांगेत डबे पंधरा-सोळा. गयाबाईंनी गिरणी चालू केली. मला माफी मागायची होती, तोंडानं नीट जमेना, म्हणून बाह्या वर केल्या आणि डबे उचलायला लागलो. हाताला आला तो पहिला डबा गव्हाचा होता. तो गिरणीच्या तोंडाशी नेला आणि ओतणार, तेवढ्यात गयाबाईंनी माझं मनगट धरलं.

"दादा, इचारून," त्या म्हणाल्या. "आदी सगळ्यांची भाजनी. मग गहू."

मी गव्हाचा डबा खाली ठेवला. मग सहा वाजेपर्यंत, दर डब्याला झाकण उघडून, मी त्यांना विचारत गेलो.